रेडिओग्रामची सोवळी लाइन

तानबाच्या कानाची गोष्ट सांगायची, तर सुरुवात त्याच्या गालांपासून करावी लागते.

आठ वर्षांचा असताना बापानं त्याच्या तोंडात सूर, म्हणजे सनईच्या साथीची नळी, दिला. सनई बापाची. तानबानं शेजारी बसून एकच स्वर धरायचा, गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत, मंगलाष्टकं संपून पंगती उठेपर्यंत. सनईवाल्याला लोक निदान मान तरी डोलावत. सूर धरणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण सूर जरासा तुटला, की मांडवातल्या सगळ्या माना वळत आणि बाप वाजवता वाजवताच टाचेनं त्याच्या मांडीवर हाणी. असा वीस वर्षं त्यानं सूर धरला. मांडवाबाहेर बसून, लांबून टाकलेल्या पत्रावळीवर जेवून.

छप्पनच्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्याच आठवड्यात म्हाताऱ्या बाबारावांनी निंबाखाली सगळ्यांना बसवून सांगितलं, "आता कोनाच्या दारात वाजवाले जायचं नाई. कोनी बोलावलं तं म्हना, आमचे गाल दुखते." लोक हसले. तानबानं सूर फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचला तो खोचला. गाल बसत गेले. कान मात्र तस्साच राहिला. विहिरीच्या रहाटाची करकर असो की सरकी काढायच्या जिनाच्या पट्ट्याची फडफड, कोणता आवाज कुठल्या स्वरावर बसला आहे ते त्याला न विचारता कळे.

तोवर तो वायरमनही झाला होता. पुलगावच्या गिरणीत बिजलीखात्यात चार वर्षं तारा ओढल्या. परवान्याच्या अर्जावर अंगठा चालत नाही म्हटल्यावर बाबारावांनीच पाटीवर त्याचा हात धरून बाराखडी आणि सही गिरवून घेतली. महिनाभर. 'त'चा गोल नीट येईना तेव्हा म्हातारा म्हणे, "अबे, सनईचं तोंड काढ. तेवढाच गोल." सही जमली, परवाना मिळाला, आणि आर्वीहून आष्टीकडे जाताना लागणाऱ्या खैरडोहात जेव्हा वीज आली, तेव्हा खांबावर चढायचा हक्क असलेला माणूस एकटा तानबा होता.

गावातल्या घराघरांत त्याच्या हातची, तार धरायची लाकडी पट्टी आणि त्याच्या हातचा खटका. नाल्यापलीकडच्या त्याच्या स्वतःच्या वस्तीत खांबच नव्हता. तरी त्यानं वस्तीतल्या चाळीसही घरांत, पैसा न घेता, पट्ट्या ठोकून होल्डर लटकवून ठेवले होते. त्याची बायको जिजा चुलीपुढे बसली की वर बघे. रिकामा होल्डर बरोबर परातीवर लोंबत होता. तिनं स्वतः जागा दाखवली होती: "इथंच लावजो. माह्या पोळीचा करपका मले दिसला पाह्यजे."

उशीर होता तो एका खांबाचा. अर्ज दीड वर्ष पंचायतीत पडून. पंचायतीची शिफारस झाली की वीज कंपनी आठ दिवसांत खांब रोवणार होती. आणि बाबाराव एकच म्हणत होते, "या चौदा एप्रिलले जयंती दिव्याखाली झाली पाह्यजे, तानबा. माह्या डोळ्यादेखत."

पंचायतीचे सरपंच होते हिरालाल शेठ. कापसाचे व्यापारी, जिनाचे मालक. अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईहून रेडिओग्राम आणला.

दोन माणसांनी उचलायचं सागवानी कपाट. झाकण उघडलं की आत तबकडी फिरते, खाली रेडिओ लागतो. पहिल्याच दिवशी शेठनं गाण्याची तबकडी लावली आणि कपाळाला आठी पाडून तानबाला बोलावणं धाडलं.

"आयक," शेठ म्हणाले. "गान्याच्या मांगं हे काय घूं घूं करून राह्यलं?"

तानबा दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभा होता. त्यानं डोळे मिटले. गवय्याच्या तंबोऱ्याला खेटून, केसभर वर, एक न तुटणारा स्वर चालला होता. कुणीतरी बेसूर माणूस तंबोऱ्याच्या कानाशी सूर धरून बसल्यासारखा.

"शेठजी, हे पेटीच्या आतलं हाय. आतला एक कंडेन्सर कच्चा निंगाला. नागपूरहून आनतो, बदलून देतो. घंट्याभराचं काम."

शेठची आठी खोल गेली. "तू मले शिकवते? विलायती मशीन हाय ते. त्याच्यात कच्चं काय निंगन? कच्चं तुह्या करंटमधी हाय."

"माह्या?"

"मंग! एकाच तारीतून न्हाव्याच्या दुकानात जाते, हाटेलात जाते, तेल्याच्या घरात जाते, अन् तेच मंग माह्या घरात येते. साऱ्या गावाचं उष्टं. नाजूक मशीनले ते कसं चालन? मले वेगळी लाइन पाह्यजे. खंब्यापासून थेट या पेटीपर्यंत. मधात दुसरा दिवा नाई, पंखा नाई. मीटर वेगळं, फ्यूज वेगळा. समजलं?"

"करून देतो. पन शेठजी, फरक नाई पडाचा. लाइन वेगळी होइन ते खंब्यापासून. खंब्याच्या मांगं तं सगळ्यायची एकच तार हाय."

हे वाक्य त्यानं सरळ मनानं, कामाची माहिती म्हणून सांगितलं. शेठनं ऐकलं आणि ठेवून दिलं.

"तू लाइन टाक," ते म्हणाले. मग पान तोंडात सारता सारता, दुसरीकडे बघत: "अन् हो, तुमच्या खंब्याचा अर्ज या बारी घेऊन टाकू. पेटी तं एकदा नीट वाजू दे."

तानबानं त्या लाइनीत जीव ओतला. खांबावरून नवी तार ओढली. सागाची पट्टी रंधून, गुळगुळीत करून भिंतीवरून नेली. अर्थिंगसाठी परसात कंबरभर खड्डा खणून तांब्याचा पत्रा मीठ-कोळशात पुरला. बाहेरच्या ओसरीवर, मीटरच्या फळीवर, त्यानं एक मोठा खटका बसवला: वर केला की नवी लाइन, खाली केला की घराची जुनी. चार दिवस तो त्या घरात राबला आणि चारही दिवस तो निघाला की त्याच्या मागून सुलोचनाबाईंचा तांब्या निघे. शेठच्या बायकोनं आधी फरशीवर पाणी शिंपडलं, मग उंबऱ्यावर, आणि चौथ्या दिवशी ओल्या हातानं खटक्याच्या फळीकडे वळल्या.

"अवो अवो, तिथं नको!" शेठ ओरडले. "झटका बसन!"

"मंग त्याचा हात लागला त्याचं काय करू?"

"लाकडाले लागला. करंटले थोडीच लागला?"

"करंट बी त्याच्याच हातातून आला नं?"

शेठनं क्षणभर विचार केला. "करंट वाहतं असते. वाहत्याले काई लागत नसते."

तानबा फाटकाशी चपला घालत होता. त्यानं ऐकलं. घरी येऊन जिजाला सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली. "म्हंजे आता आपन वाहत राह्यलो पाह्यजे. थांबलो का बाटलो." मग हसू आवरून तिनं विचारलं, "पन घूं गेला का नाई?"

"कुठून जाते? जसाच्या तसा."

"अन् शेठ?"

"शेठ म्हनते, काय सुंदर वाजून राह्यलं!"

"मंग तू बी म्हन," जिजा म्हणाली. "आपल्याले खंबा पाह्यजे का घूं पाह्यजे?"

शेठ नुसतं म्हणून थांबले नाहीत. जिन बंद असलेल्या दिवशी, दुपारी चारला, त्यांनी पाहुणे बोलावले. गावचे निवृत्त हेडमास्तर वासुदेवराव गुरुजी आले, आणि टिंगलीशिवाय ज्याचं जेवण जिरत नसे तो रूपराव पाटील आला. कोथिंबिरीची सांबारवडी झाली, चहा झाला, आणि शेठ लाइनीचं कौतुक सांगू लागले. रूपरावनं कान खाजवला.

"शेठ, मले तं काल बी असंच आयकू येत होतं. आज बी असंच येते. नाई तं माह्या कानाले बी वेगळी लाइन टाका बाप्पा."

गुरुजी हसले नाहीत. त्यांना उत्साह चढला. "थांबा, वाद कशाला? प्रयोग करू. तानबा बाहेर खटक्यापाशी राहील. मधला पडदा ओढून घ्या. मी सुई उचलून 'हं' म्हणेन. तानबा त्याच्या मर्जीनं खटका वर तरी करील नाहीतर खाली. मग सुई पुन्हा त्याच ठिकाणी टेकवायची आणि आपण ऐकून सांगायचं. तो तिकडे चिठ्ठीवर लिहील, नवी की जुनी. अशा पाच वेळा. शेवटी चिठ्ठ्या ताडून पाहायच्या. असं पारखून घेतल्याशिवाय काही खरं मानू नये."

चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन गुरुजी स्वतः ओसरीच्या दारापर्यंत आले आणि त्या वरून तानबाच्या ओंजळीत सोडल्या. पडदा ओढायला शेठ आले. पडदा अर्धा ओढला, आणि ते हलक्या आवाजात बोलले.

"उद्या पंचायतीची बैठक हाय. ध्यानात हाय नं?"

"हाव, शेठजी."

"शाना हायेस."

पडदा पडला. तानबा स्टुलावर बसला. उन्हात खांब उभा होता. त्यावरून दोन तारा या घराकडे येत होत्या, दोन्ही त्याच्या हातच्या.

"हं!" आतून गुरुजी.

पहिल्या वेळी तानबानं खरंच खटका वर केला. नवी लाइन. सुई टेकली. गवयी गाऊ लागला, आणि त्याच्या मागं, तंबोऱ्याला खेटून, केसभर वर, तोच घूं. जसाच्या तसा. तानबा पेन्सिल टेकवणार, तोच पडद्याआडून शेठचा आवाज आला, ठाम, लिलावात बोली लावल्यासारखा:

"जुनी! हे उष्टी लाइन हाय. खरखर आयका जरा."

तानबाची पेन्सिल थांबली. त्यानं रिकाम्या चिठ्ठीकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. आणि बाबारावांनी शिकवलेल्या अक्षरात लिहिलं, 'जुनी'.

"हं!"

मग त्यानं मोठ्या खटक्याला हातच लावला नाही. शेजारी ओसरीच्या दिव्याचा खटका होता. दिवा काढलेला होता. तो त्यानं दाबला. खट्. आत ऐकू गेलं.

"आता नवी!" शेठ गरजले. "पाहा, पाहा, गुरुजी! आरसा पुसल्यासारखं!"

"खरंच की हो," गुरुजी म्हणाले. "तार सप्तकात तर स्पष्टच."

'नवी', तानबानं लिहिलं. खट्. "नवी!" 'नवी'. खट्. "जुनी, जुनी, भिकार!" 'जुनी'. खट्. "नवी!" 'नवी'.

पाचाला पाच. गुरुजींनी चिठ्ठ्या उलगडून ओळीनं मांडल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून पहिल्यांदा त्यांनी स्वतः काही शोधून काढलं होतं. रूपरावनं टोपी काढून शेठना मुजरा केला. "मानलं. शेठचा कान म्हंजे सोन्याचा काटा."

"हे लिहून ठेवलं पाहिजे," गुरुजी म्हणाले आणि दौत मागवून तिथंच लिहायला बसले. सुंदर, ठाशीव अक्षर. पाच वेळा घेतलेल्या प्रयोगात असं आढळलं, की अन्य ग्राहकांच्या भारापासून मुक्त अशा तारेवर यंत्राचा नाद शुद्ध उमटतो आणि सामायिक तारेवर तो दूषित होतो. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. खाली सही वासुदेवरावांची, सही रूपराव पाटलाची.

"अन् याची पाह्यजे," शेठ म्हणाले. "परवान्याचा मानूस तोच हाय. ये, तानबा. आत ये."

पहिल्यांदा हत्यारांच्या पिशवीवाचून तो त्या दिवाणखान्यात शिरला. कागद जमिनीवर ठेवला गेला. तो गुडघ्यावर बसला आणि सही केली. 'त'चा गोल अगदी सनईच्या तोंडाएवढा, नेटका. त्याला वाटलं, हा खांबच लिहितोय आपण.

शेठनं कागद उचलला, फुंकर मारली, घडी केली.

"उद्या पंचायतीत ठेवतो."

"पंचायतीत?" तानबा उठता उठता थांबला. "काऊन, शेठजी?"

"तुमच्या अर्जासोबत."

तानबाचा चेहरा एकदम उजळला. रूपरावनं तो पाहिला आणि तो आधीच हसू लागला, कारण शेठच्या डोळ्यातली गंमत त्यानं हेरली होती.

"तूच बोललाता नं," शेठ सावकाश म्हणाले, "खंब्याच्या मांगं साऱ्यायची एकच तार? आता तूच लिवून देल्लं का दुसऱ्याच्या दिव्यानं नाद घान होते. मंग नाल्यापल्याड चाळीस घरं, चाळीस दिवे, वरून तुमच्या जयंतीचा भोंगा. तो सारा तुमचा करंट त्याच तारीतून फिरून माह्या पेटीत येइन. का नाई? सांग, तू वायरमन हायेस."

तानबा पुढे सरला. "शेठजी, दिव्यानं काई नाई होत. तुमच्या जिनाची मोटार त्याच तारीवर हाय. ते शंभर दिव्यायच्या बरोबर."

"ते माही हाय."

"तुम्हीच बोललेते, वाहत्याले काई लागत नसते."

"ते पान्याचं."

"तुम्ही करंटचं बोललेते!"

दारात सुलोचनाबाई ताटली घेऊन उभ्या होत्या. तबकडी संपली होती, सुई नुसतीच खर्र खर्र करत शेवटच्या रेघेत फिरत होती, आणि तिच्या मागं घूं चालू होता.

"शेठजी," तानबा म्हणाला, "ते चिठ्ठ्या खोट्या हायेत."

"काय?"

"पह्यल्या बारीले नवी लाइन होती. तुम्ही जुनी म्हटलं. मंग मी बी जुनी लिवलं. पुढं मी खटका हलवलाच नाई. पाचही बारी एकच लाइन होती. नवीच. आवाज ओसरीच्या दिव्याच्या खटक्याचा होता. चाला, दाखवतो. गुरुजी, तुम्ही पुन्हा घ्या. खटका तुम्ही सोता धरा."

गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं. उठून चार पावलं चालायचं होतं. शेठच्या हातात तो घडी केलेला कागद होता, गुरुजींच्या ठाशीव अक्षरातला, त्यांच्या आयुष्यातला पहिला शोध. सुलोचनाबाईंनी ताटली पुढे केली. गुरुजींनी एक सांबारवडी उचलली.

"मला स्वतःला फरक जाणवला, तानबा," ते हळूच म्हणाले. "माझ्या कानावर मी अविश्वास कसा दाखवू?"

"तू आत्ता खोटं बोलून राह्यला का मघा बोलला?" शेठनं विचारलं.

"मघा, शेठजी."

"म्हंजे तू खोटं बोलते, हे तं पक्कं." शेठ पाहुण्यांकडे वळले. "आता सांगा, याचं कोनतं खरं धराचं? सही केली ते, का खंबा गेल्यावर रडून राह्यला ते?"

रूपराव इतका हसला की त्याला ठसका लागला. "शेठ, यालेच पेटीत बसवा. तोंडानं घूं करन. बाप याचा आमच्या लग्नात वाजवे, अन् हा गाल फुगवून बसे, बेडकावानी!" त्यानं गाल फुगवून दाखवले. सुलोचनाबाईसुद्धा हसल्या.

तानबा ओसरीवर आला. पिशवी उचलली. फाटक ओलांडायच्या आत त्याच्यामागं पाण्याचा सपका ऐकू आला.

ठरावाची नक्कल तिसऱ्या दिवशी वस्तीत आली. निंबाखाली माणसं जमली आणि बाबारावांनी चष्म्याची दोरी कानामागं अडकवून वाचली. "...परवानाधारक वायरमन श्री. तानबा यांचे लेखी मतानुसार, वाढीव भारामुळे विद्यमान ग्राहकांचे यंत्रांस बाधा पोहोचत असल्याने, सबब सदर वस्तीचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे."

गावाच्या कागदात त्याच्या नावामागं 'श्री' लागला तो हा पहिलाच.

"सही कोनाची?" बाबारावांनी विचारलं.

"माही."

"शिकवली कोनं?"

"तुम्ही, काका."

तानबानं सगळं सांगितलं. खटका, चिठ्ठ्या, पडदा. सांगून झाल्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे शेठले खूश कराले खोटं बोलला. पह्यले गाल फुगवून खूश करे, आता लिवून." बाबारावांनी नक्कल घडी करून खिशात घातली आणि काठी टेकत निघून गेले. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जिजा घरी आली, चुलीपुढे बसली, वर पाहिलं. मग उठून लसणाची माळ त्या होल्डरला टांगली.

"मीच बोलली होती, तू बी म्हन," ती म्हणाली. "पन लिवून दे, असं बोलली होती का मी?"

आठवडाभरात वस्तीतल्या चाळीस होल्डरांना काय काय लटकलं: कांदे, शिंकं, कुणाचं अंगडं. एका घरात पोरांनी दोरी बांधून झोका केला. दर घरासमोरून जाताना तानबाला त्याच्या हातची पट्टी दिसे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेठचा निरोप आला. पेटीचा घूं आता गाण्याच्या वर चढला होता. तानबा नाही म्हणू शकला असता. पण त्याच्या मनानं एक हिशेब मांडला: घूं आपण कंडेन्सर बदलून घालवला, जुना कंडेन्सर शेठच्या हातात ठेवला, तर लाइनीचं खूळ त्यांच्या डोक्यातून जाईल. ठराव फिरवता येतो. जयंतीला अजून दिवस होते. तो मोटारीनं नागपूरला गेला, पदरचे पैसे घालून कंडेन्सर आणला, आणि पेटीची मागची फळी उघडली.

तासाभराचं काम. जुना फुगला होता, त्यातून मेण गळत होतं. नवा जोडला, खटका लावला, सुई टेकवली.

घूं गेला. गवय्याच्या मागं फक्त तंबोरा होता, आणि तंबोऱ्याच्या मागं काहीच नव्हतं. तानबाला एवढं निर्मळ कधी ऐकू आलं नव्हतं. गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याचे डोळे भरून आले.

"शेठजी," त्यानं जुना कंडेन्सर तळहातावर पुढे धरला. "हे होतं. पह्यल्या दिवशीच सांगतलंतं मी. लाइनीचं काईच नव्हतं. आता पाहा, जुन्या लाइनीवर टाकून दाखवू? असंच वाजन. मंग आमचा अर्ज..."

शेठ डोळे मिटून ऐकत होते. हात त्याला गप्प करत वर झाला. बराच वेळ ते ऐकत राहिले, मान हलवत.

"सुलोचना!" त्यांनी हाक मारली. "आयक, आयक! लाइन मुरली!"

"मुरली?"

"मंग! नवी होती नं. लोनच्यावानी असते. महिनाभर मुरू देल्ली का मंग खरी चव." त्यांनी तानबाच्या तळहाताकडे पाहिलं. "ते फेक बाहेर. फरशीवर मेन गळन."

चौदा एप्रिलला सूर्य कलताना मिरवणूक निघायची होती. बाबारावांनी आर्वीहून गॅसबत्त्या आणवल्या होत्या. माणसं नवे सदरे घालून उभी होती. बत्त्या कुणी धरायच्या ते ठरत होतं. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या वाहायचं दीक्षेनंतर सोडलेली हीच माणसं, आता कुणी पुढे होईना. बाबाराव तानबासमोर आले. ठरावानंतर पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले.

"उजेड तुह्यानं गेला," म्हातारा म्हणाला. "तं उजेड तूच धर. सगळ्यायच्या म्होरं."

एकानं मागून टोला मारला, "परवाना हाय त्याच्यापाशी!" हशा पिकला. जिजाही मागच्या बायकांत होती. ती हसली नाही, पण तिनं पदर सावरून तोंड दुसरीकडे केलं.

तानबानं चुंबळ ठेवून बत्ती डोक्यावर घेतली. पंप मारलेला, जाळी पांढरी फटक, आणि कानाला लागून सूंऽऽ असा एकच आवाज. मिरवणूक नाला ओलांडून गावात शिरली. घोषणा दुमदुमत होत्या. शेठच्या घरासमोर आल्यावर पुढच्यांनी मुद्दाम पावलं मंद केली.

सज्ज्यात हिरालाल शेठ बसले होते, शेजारी वासुदेवराव गुरुजी. आत पेटी लागली होती, आणि घोषणांच्या मधल्या फटीत गवय्याचा आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा खाली येत होता. शेठनं बोट करून गुरुजींना काहीतरी दाखवलं. आधी आतल्या पेटीकडे, मग खालच्या बत्त्यांकडे. गुरुजींनी मान डोलावली.

"पाहा नं," शेठचा आवाज आला, "खंबा देल्ला असता तं आज हे असं आयकू आलं असतं का?"

मागून कुणीतरी तानबाच्या पाठीत बोट खुपसलं. "चाल बे, म्होरं."

तो चालू लागला. मान हलवायची सोय नव्हती. बत्तीचा तो एकच स्वर कानाशी चालला होता, न तुटता, कवटीत उतरत. तंबोऱ्याच्या केसभर वर. कोपऱ्यावर वळताना बायकांमधली एक पोर त्याच्याकडे बोट दाखवून खुदखुदली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की त्याचे गाल फुगले होते.